काळ्या चौकटीतलं दुकान

ग्लिनोवो गावात कुणी वारलं की पहिला फोन पाद्रीबाबांना जायचा आणि दुसरा तोत्काला. खरं सांगायचं तर पुष्कळदा पहिलाच तिला जायचा, कारण पाद्रीबाबा दुपारचे झोपतात. तोत्का ख्रिस्तोस्कोवा एकतीस वर्षं नगरपालिकेशेजारच्या छापखान्यात होती. त्या एकतीस वर्षांत तिनं लग्नपत्रिका छापल्या असतील शे-दीडशे, बाकी सगळी निधनपत्रकं. गावात तरुण उरलेत कुठे, लग्नपत्रिका कुणाच्या छापणार? निधनपत्रक म्हणजे एक पान. मध्ये फोटो, भोवती काळी चौकट, खाली नाव, दोन सालं, आणि माणूस कसा होता ते दोन ओळींत. ते घराच्या दारावर लागतं, बसथांब्यावर लागतं, विजेच्या खांबाला लागतं. बरं, एकदा लावून सुटका नाही. चाळिसाव्या दिवशी परत, सहा महिन्यांनी परत, वर्षानं परत. तोच फोटो, तीच चौकट. आमच्याकडे जिवंत माणूस रस्त्यावर जितका दिसत नाही तितका मेल्यावर भिंतीवर दिसतो.

तोत्काला या कामाची लाज नव्हती, अभिमान होता. एकतीस वर्षांत एकाचं नाव चुकलं नाही की एकाचा चेहरा काळा पडला नाही. समास किती सोडायचा, फोटो कुठे बसवायचा, तिला नुसत्या नजरेनं कळायचं, पट्टी लागायची नाही. कच्च्या छपाईचं पान हातात आलं की ती तळहातानं आधी वरचं अर्धं झाकायची, मग खालचं, आणि कुठली बाजू जड होतेय ते सांगायची. कॉम्प्युटर आला तेव्हा पन्नाशी उलटली होती, तरी मुकाट्यानं शिकली. दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली तेव्हा छापखान्यानं तिला एक घड्याळ दिलं आणि लोक तिच्या घरी फोन करतच राहिले.

तिचा नवरा नायदेन कुंभार होता. अख्खा गाव त्याला मायस्तोर म्हणायचा. हातात कसब असलेल्या माणसाला आमच्याकडे तसंच म्हणतात. १९७४ साली तो चाकावर बसला आणि उठला तो फक्त जेवायला. झाकणाची छोटी मडकी, ज्यांत चीज आणि अंडं घालून भट्टीत भाजतात, सुरया, वाडगे, आणि सगळ्यांवर ओघळत्या थेंबांची नक्षी. त्रोयानच्या मठाकडे जाणाऱ्या बसगाड्या गावात थांबायच्या आणि बायका पिशव्या भरभरून न्यायच्या. मग डोंगरापलीकडून नवा रस्ता झाला, बसगाड्या तिकडून जायला लागल्या. जत्रेत कारखान्याचा माल येऊन बसला, दिसायला तसाच, अर्ध्या भावात. २०२२च्या शरदात नायदेननं चाक धुतलं, त्यावर जुनं पोतं घातलं आणि तो स्वयंपाकघरातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. अख्खा हिवाळा तो तसाच पडून होता. डॉक्टर म्हणाला, हृदय ठीक, फुप्फुसं ठीक, खायला घाला. तो खाईना. तोत्का त्याच्या हातापाया पडली, ओरडली, रडली. त्याचं एकच म्हणणं होतं, कुणी मागितलं तर बसेन, न मागता भांडी करायला मी काय वेडा आहे?

म्हणजे हवं होतं ते एवढंच. कुणीतरी एकानं मागायला हवं होतं. नवरा डोळ्यांदेखत विझत चाललाय आणि कुणी एक मडकं मागितलं तर तो उठेल, हे ज्या बाईला कळलं तिनं काय करावं? तोत्कानं मुलीला फोन लावला.

मुलगी रालित्सा सोळा वर्षं स्पेनमध्ये, वालेन्सियाला. एकोणिसाव्या वर्षी गेली ती गेलीच. ती म्हणाली, आई, ऑनलाइन दुकान काढ, आता सगळे तसंच विकतात. तिथल्या तिथे तिनं एका कंपनीत खातंही उघडून दिलं. तयार दुकानं असतात म्हणे. नुसतं रूप निवडायचं, त्याला टेम्प्लेट म्हणायचं, त्यात फोटो भरायचे, की दुकान सुरू. रूप तूच निवड, मला कामावर जायचंय, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तोत्का चार दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी निवडत बसली. बाकावर नवरा, भिंतीकडे तोंड. टेबलावर ती, पडद्याकडे तोंड. पहिल्या टेम्प्लेटला नारिंगी बटणं होती आणि ती लुकलुकत होती. दुसऱ्यात एक पोरगी बत्तीसच्या बत्तीस दात काढून हसत होती, हातात कप, तोही उलटा धरलेला. तिसऱ्यात चित्रं डावीकडून उड्या मारत यायची. भांडं बघायचं की उड्या मोजायच्या? एकात तर इतकी गर्दी की सोमवारचा बाजार परवडला. तोत्का प्रत्येकाचं वरचं अर्धं तळहातानं झाकायची, मग खालचं, आणि तोंड वाकडं करून पुढे जायची. नायदेनचं भांडं हातात घेतलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. ते असल्या जत्रेत मांडायचं?

सतरावं टेम्प्लेट उघडलं आणि तिचा तळहात झाकायला उठलाच नाही. पांढरं पान. भोवती बारीक काळी रेघ. मधोमध एकच फोटो, दुकानाच्या मालकाचा. खाली नाव, नावाखाली सालांचे दोन छोटे रकाने, धंदा सुरू झाला ते साल आणि चालू साल, आणि दोन ओळींची जागा. भांडी खालच्या पानांवर. टेम्प्लेटचं नाव होतं ‘शांत’. तोत्काला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. हेच, ती बाकाकडे वळून मोठ्यानं म्हणाली.

फोटो तिनं स्वतः काढला. नायदेनला कसाबसा उठवून, पांढरा सदरा घालून, मागच्या अंगणातल्या चाकाच्या खोलीच्या दारात उभं केलं. तो हसला नाही. तो स्वतःच्या लग्नातही हसला नव्हता. रकान्यांत तिनं भरलं: १९७४ – २०२३. खाली लिहिलं: ‘सोन्याच्या हातांचा माणूस. त्याची भांडी घराघरांत त्याची आठवण ठेवतील.’

आता तुम्ही म्हणाल, बाई आंधळी होती का? आंधळी नव्हती हो. तीच तर अडचण होती. एकतीस वर्षं जे पान सुंदर म्हणून तिनं घडवलं, तेच तिला सुंदर दिसलं. बेकरीवाल्याला पावाचा वास येत नाही, तसं तिला त्या चौकटीतलं मरण दिसत नव्हतं. रालित्सानं जेवणाच्या सुट्टीत फोनवर बघितलं आणि लिहिलं, छान आहे आई, साधं आणि नीटनेटकं. तिच्या त्या देशात मेलेल्यांना खांबाला चिकटवत नाहीत, तीही विसरली असणार.

मे महिन्यात, सेंट जॉर्जच्या सणाच्या आदल्या दिवशी दुकान उघडलं. फळीवर त्रेचाळीस भांडी होती. तिसऱ्या दिवशी प्लोवदिवहून कुणीतरी झाकणाची सहा मडकी मागितली. तोत्कानं पडदा दोनदा पुसला. मग रुसेहून एक वाडगा, सोफियाहून सुरई, आठवडा संपता संपता अकरा घरांची मागणी. तिचा जीव भांड्यात पडला. नायदेनला वाटलं ती थट्टा करतेय. तो उठून आला, चष्मा लावला, एकेक नाव वाचलं, आणि दाढी करायला गेला. थोड्या वेळानं मागच्या अंगणातून चाकाचा आवाज यायला लागला. तोत्का भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला, मोरीच्या कठड्याला धरून उभी राहिली आणि पोटभर रडली.

चार दिवस तो चाकावर होता. दुपारी जेवायला हाका माराव्या लागत होत्या. बीन्सचं सूप दोन वाडगे प्यायला आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरला. तिला ते कुरकुरणंसुद्धा गोड लागलं. फळीवर बारा कच्ची मडकी वाळत होती.

रविवारी त्सोचो आला. त्सोचो शेजारच्या गावचा कुंभार, नायदेनचा चाळीस वर्षांचा दोस्त आणि तितक्याच वर्षांचा वैरी. शेवटची दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं, कशावरून ते दोघांनाही आठवत नव्हतं. काळा कोट, विंचरलेले केस, हातात पांढरी फुलं. दार नायदेननं उघडलं, कोपरापर्यंत मातीत बुडालेला. त्सोचोनं छातीवर क्रूस काढला आणि मागे सरकला.

“तू घरीच आहेस?” तो म्हणाला.

“मग कुठे असणार? आत ये. आणि ती फुलं कुणाला?”

त्सोचोनं फुलं पाठीमागे लपवली. पण नायदेननं मोजली होती. चार होती. जोडीच्या आकड्यात फुलं आम्ही मेलेल्यालाच नेतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

मग त्सोचोनं खिशातून फोन काढून दाखवला. सोफियाच्या कुठल्याशा मास्तरीणबाईंनी तोत्काच्या पानाचा फोटो काढून लिहिलं होतं की जुन्यांपैकी आणखी एक मायस्तोर गेला, आणि ते हातोहात सगळीकडे फिरत होतं. कुंभारांच्या मंडळानं तर मिनिटभर उभं राहून शांतता पाळली होती. मीही उभा होतो, त्सोचो म्हणाला, आणि मला मेल्याला रडूही आलं. नायदेन खो-खो हसला. वर्षभरात पहिल्यांदा हसला तो, स्वतःच्या मरणावर. रकिया दारूची बाटली निघाली. तोत्कानं मात्र त्या छोट्या पडद्यावर ते पान पाहिलं, दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या नजरेनं. काळी चौकट. फोटो. दोन सालं. एकोणपन्नास वर्षं हे काही फोटोतल्या म्हाताऱ्याचं वय दिसत नव्हतं, पण वजाबाकी करत बसतंय कोण?

त्सोचो जाताना सांगून गेला की मागणीखाली लोक निरोपही लिहितात, ते उघडायला वेगळं बटण असतं. तोत्काला ते ठाऊकच नव्हतं. नायदेन म्हणाला, उघड, वाच. ती नको नको म्हणत होती. त्यानं खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसला.

तिनं वाचलं. दिवंगत मायस्तोरच्या हातचं काहीही उरलं असेल तर द्या. आता असं कुणी करणार नाही, म्हणून मुलांसाठी घेऊन ठेवतोय. रुसेच्या एका बाईनं लांबलचक लिहिलं होतं. १९९६ साली लग्नानंतर ती दोघं आली होती, मायस्तोरनं एक बशी वरून दिली होती, ती अजून आहे. दरवर्षी परत यायचं ठरवायचो, राहून जायचं, आता कायमचं राहिलं. पहिल्या तीन निरोपांना नायदेन हसला. चौथ्यापासून त्याचं हसू गेलं. अकराच्या अकरा वाचून झाल्यावर तो हात धुवायला उठला आणि बराच वेळ धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोत्कानं टेम्प्लेट बदललं. नारिंगी बटणांचं लावलं, लुकलुकणारं. अकरा जणांना पत्रं लिहिली की मायस्तोर देवाच्या कृपेनं धडधाकट आहेत, चूक माझी, मला क्षमा करा. उत्तरं आली. सगळी गोड होती. आठ जणांनी मागणी मागे घेतली. रुसेच्या बाईनं लिहिलं, किती किती आनंद झाला! मग आता घाई नाही, कधीतरी तिकडे आलो की घेऊच.

ते पत्र तोत्का लपवू शकली असती. पण तो शेजारीच बसला होता.

नारिंगी दुकान तीन आठवडे लुकलुकत राहिलं. एक चिटपाखरू फिरकलं नाही. नायदेन तरीही रोज मागच्या खोलीत जायचा, चाकापाशी बसायचा, पण चाकाचा आवाज येत नव्हता. एका सकाळी तोत्का मागे गेली तर तो फळीवरची कच्ची मडकी एकेक करून पाण्याच्या टाकीत सोडत होता. आपटत नव्हता, चिडला नव्हता. न भाजलेली मातीच ती, तासाभरात बाराच्या बारा विरघळून तळाशी चिखल झाला.

“ती पहिली चौकट परत लाव,” तो म्हणाला.

तोत्कानं साफ नकार दिला. असलं अभद्र मी करायची नाही म्हणाली. तो म्हणाला, आपण कुठे लिहिलंय मी मेलो म्हणून? दाखव एक अक्षर. आपण नाव लिहिलं, साल लिहिलं. लोकांना जे वाचायचंय ते लोक वाचतात. फळी तरी रिकामी होऊ दे, ही भांडी इथे धूळ खात पडायला केली नाहीत मी. तेव्हा तिनं शेवटचा डाव टाकला. ठीक आहे, म्हणाली, लावते, पण मग तू नवीन कर, आपण ती जुनी म्हणून विकू. कुणाला कळणार आहे? तिला पैसे नको होते, फळी नको होती. तिला चाकाचा आवाज हवा होता.

नायदेननं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. मायेनंच पाहिलं.

“मेलेला माणूस नवीन भांडी करत नाही, तोत्का. तू एवढी वर्षं छापलंस, तुला एवढं कळायला हवं.”

तिनं टेम्प्लेट परत लावलं. त्सोचोला तोंड मिटून ठेवायला सांगितलं आणि तो एका बाटलीवर मिटून राहिलाही. गावातल्या लोकांना मात्र कसली चोरी? पावाच्या दुकानात रांगेतल्या बायका विचारायच्या, काय गं तोत्का, दिवंगत आज काय जेवले? चाळिसावा घातलास की नाही, आम्हाला बोलावलं नाहीस ते? तीही आधी हसून उत्तरं द्यायची. जूनमध्ये हसायची थांबली, जुलैत दुसऱ्या दुकानातून पाव आणायला लागली.

मागणी येत राहिली. उन्हाळाभर ती भांडी गवतात गुंडाळून खोक्यांत भरत होती आणि फळीमागची भिंत दिसत चालली होती. रोज संध्याकाळी नायदेन बाकावर आडवा व्हायचा आणि म्हणायचा, वाच. ती निरोप वाचायची. तो डोळे मिटून ऐकायचा. लोक काय काय लिहायचे! त्याच्या हातचा वाडगा आईच्या शेवटच्या आजारात उशाशी होता. त्याच्यासारखा निळा रंग कुणाला जमला नाही. उभ्या आयुष्यात त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगत होते ते त्याला नव्हतंच. एकदा त्यानं विचारलं, हे लोक इतकी वर्षं होते कुठे? तोत्कानं पुढचा निरोप उघडला. तिला स्वतःच्या डोळ्यांचा राग यायचा. सोळा टेम्प्लेटं बाजूला सारून ज्या नजरेनं हे नेमकं उचललं, त्या नजरेचा तिला एकतीस वर्षं अभिमान होता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेवटची सुरई वार्नाला गेली. प्रत्येक भांड्याच्या फोटोखाली दुकान आपलं आपणच ‘संपलं’ असं लिहायला लागलं. वर चौकटीत नायदेन पांढऱ्या सदऱ्यात उभा होता. त्या संध्याकाळी तो वाच म्हणाला नाही. नंतरही म्हणाला नाही. सूप पुढे ठेवलं तर चमच्यानं ढवळायचा आणि ठेवून द्यायचा.

नोव्हेंबरच्या चार तारखेला सकाळी तो उठला नाही. डॉक्टरनं हृदय लिहिलं.

तोत्का छापखान्यात गेली. तिच्या खुर्चीवर आता एक नवीन मुलगी बसते, ती उठून बाजूला झाली. तोत्कानं दुसरा फोटो शोधला, नव्हता. गेल्या वीस वर्षांत नायदेनचा एकच बरा फोटो निघाला होता, तो तिनं दुकानासाठी काढलेला. चौकट तरी वेगळी घ्यावी म्हणून तिनं मशीनमधल्या सगळ्या पाहिल्या, पानांची, मेणबत्तीची, वेलबुट्टीची. तळहातानं झाकून पाहिल्या. एकही बसेना. शेवटी तीच बारीक काळी रेघ घेतली. तारीख मात्र तिनं मोठ्या अक्षरांत घातली, नेहमीपेक्षा दुप्पट. बसच्या ड्रायव्हरनं पत्रकं नेहमीप्रमाणे पंचक्रोशीत वाटली, थांब्याथांब्यांवर लावली.

अंत्यविधीला गल्लीतली माणसं आली. पावाच्या रांगेतल्या बायका आल्या आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्सोचो आला, चार पांढरी फुलं घेऊन. रालित्सा विमान चुकल्यामुळे एक दिवस उशिरा पोचली. कुंभारांपैकी दुसरं कुणी आलं नाही. ज्यांच्या ज्यांच्या मयतीला नायदेन डोंगर ओलांडून गेला होता, त्यांच्या घरचं एक माणूस नाही. एक फोन नाही. पन्नास माणसांना वाटायला म्हणून तोत्कानं गहू उकडून साखर घालून ठेवले होते, ते दोन दिवस तसेच पडून राहिले आणि मग कोंबड्यांना घातले. हे तिला फार लागलं. एवढा का तो कुणाचा नव्हता?

चाळिसावा दिवस जवळ आला तेव्हा ती पत्रकं घेऊन त्रोयानला गेली, तिथल्या थांब्यावर लावायची होती. बाजारात तिला रादोय भेटला, मंडळाचा म्हातारा कुंभार, नायदेनला धाकटा भाऊ मानणारा. त्यानं तिला पाहिलं तसा लगबगीनं आला आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं.

“मागच्या महिन्यात थांब्यावर पत्रक पाहिलं, वहिनी. सहा महिन्यांचं. घरी येऊन बायकोला म्हटलं, बघ, नायदेनला जाऊन सहा महिने झालेसुद्धा. कालपरवा तर त्याच्यासाठी उभे राहिलो होतो आम्ही.”

तोत्का त्याला सांगू शकली असती. तारीख दुप्पट मोठी छापली होती रे, म्हणू शकली असती.

“हो,” ती म्हणाली. “दिवस भराभर जातात.”

पत्रकं पिशवीतच होती. ती तिनं लावली नाहीत आणि दुपारच्या बसनं घरी आली.